वहीच्या पानावरचा हिशोब

कॅन्सरच्या पेशंटची फाईल फाईलमध्ये मावत नाही, तिची पिशवी होते. बियाण्याच्या कंपनीनं किंवा एखाद्या साडीच्या दुकानानं दिलेली, बंद मळून काळे पडलेली. आत सीटी स्कॅनच्या फिल्मा, तुकड्याचा रिपोर्ट (बायोप्सीला आपल्याकडं सगळे ‘तुकडा काढला’ असंच म्हणतात), रेशन कार्डाच्या चार झेरॉक्स, सातबारा, आधार, पाण्याची बाटली. आणि तळाशी कुठंतरी लेकराच्या शाळेच्या वहीचं फाडलेलं एक पान. त्या पानावर हिशोब असतो. डाव्या बाजूला गेलेले पैसे: सोनोग्राफी, परत सोनोग्राफी, गाडीभाडं, मेडिकल, डबा. उजव्या बाजूला आलेले: भाऊजी, मामा, बचत गट, कापसाचा व्यापारी. डावीकडचे आकडे कुठल्याही घरात थोड्याफार फरकानं सारखेच निघतील. उजवी बाजू मात्र ज्याची त्याची असते, आणि ती वाचली की घराची सगळी कुंडली कळते.

दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका माणसानं असं पान एकदा माझ्यापुढं उलगडलं आणि बेरीज करून मागितली. गालाला पट्टी होती, बोलताना जबडा पुरता उघडत नव्हता. मी बेरीज केली, आकडा सांगितला. थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, “एवढ्यात पोरीचं लगन निंगालं असतं, नाई?” पुढचे दोन तास आम्ही तिथंच होतो. आजाराबद्दल तो एक शब्द बोलला नाही.

या विषयावर आपल्याकडं दोन तऱ्हेचं लिखाण होतं. एक योजनांचं: इतके लाख, इतके आजार, इतकी रुग्णालयं. दुसरं धीराचं: खचू नका, झुंज द्या, हसत राहा. बाकावरच्या माणसाला यातलं एकही लागू पडत नव्हतं. त्याच्या डोक्यात आजार आणि पैसा या दोन गोष्टी नव्हत्याच, एकच होती. हा सगळा आढावा घेताना माझं मत त्याच्याच बाजूनं झुकत गेलं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

वर्धा जिल्हा या प्रश्नासाठी मुद्दाम निवडावा असा आहे, कारण इथं ‘दवाखानाच नाही’ ही सबब चालत नाही. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर असे आठ तालुके, आणि वर्धा शहराच्या अंगणात दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालयं. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकारानं सुरू झालेली सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि तिचं कस्तुरबा रुग्णालय एका बाजूला. दुसऱ्या बाजूला सावंगी (मेघे) इथलं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, त्याला जोडून उभं राहिलेलं सिद्धार्थ गुप्ता स्मृती कॅन्सर रुग्णालय. पाऊणशे किलोमीटरवर नागपूर: तिथं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, सरकारी मेडिकल कॉलेज आहे. मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्यातल्या माणसाला हे ऐकून हेवाच वाटेल. शिवाय जिल्ह्यात कुणाला कुठला कॅन्सर झाला याची लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी सेवाग्रामला चालते, त्यामुळं राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या अहवालात मुंबई-पुण्याच्या पंगतीत वर्ध्याचंही नाव येतं. पुरुषांत तोंडाचा आणि बायकांत स्तनाचा कॅन्सर पुढं, हे त्या नोंदणीतून दिसतं. ज्यानं कुठल्याही पानठेल्यासमोर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटताना पाहिला आहे त्याला पहिल्या गोष्टीसाठी नोंदणीचीही गरज नाही.

दवाखाना जवळ, योजना लागू, तरी घर का बसतं? हा खरा वर्ध्याचा प्रश्न.

पैसा जायला सुरुवात निदानाच्या आधीच होते. तोंडात पांढरा चट्टा, मग फोड, मग तिखट लागेना, मग तोंडात तीन बोटं जाईनात. प्रत्येक पायरीवर गावातला डॉक्टर, तालुक्याचा डॉक्टर, दातांचा डॉक्टर, मलम, गोळ्या, कुणीतरी सांगितलेली जडीबुटी. बाईच्या छातीतली गाठ दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी सोयाबीनच्या सोंगणीत दिवस मोडायचा ही कल्पनाच आपल्याकडच्या बाईला सुचत नाही. सेवाग्रामचे डॉ. नितीन गंगणे आणि स्वीडनच्या उमिओ विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागातल्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांचा अभ्यास केला. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. जवळपास निम्म्या बायकांनी लक्षण जाणवल्यावर डॉक्टरकडं पोचायला तीन महिन्यांहून जास्त वेळ घेतला होता. तीन महिने म्हणजे पेरणीपासून पोळ्यापर्यंतचा काळ. तेवढ्यात गाठ वाढते, उपचार लांबतो, खर्च वाढतो. उशिराचं कारण बरेचदा खर्चाची भीती असते आणि उशिरामुळंच खर्च वाढतो. हा भोवरा सुटायला कठीण.

योजना या टप्प्यावर अजून आलेली नसते. ती येते तुकड्याचा रिपोर्ट हातात पडल्यावर, रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर. महाराष्ट्रानं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू केली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती उरलेल्या जिल्ह्यांत आली, त्यात वर्धा होता. २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. मर्यादा होती कुटुंबाला वर्षाला दीड लाख. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, पाच लाखांची. जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं राज्याची मर्यादाही पाच लाखांवर नेली आणि पिवळ्या-केशरीबरोबर पांढऱ्या कार्डालाही दार उघडलं. वर्ध्यातल्या शेतकऱ्याला मात्र पांढरं कार्ड असूनही सातबाऱ्यावर लाभ आधीपासून मिळत होता, कारण शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून निवडलेल्या चौदा जिल्ह्यांत वर्धा आहे. सवलत मिळण्याचं हे कारण लक्षात ठेवावं, पुढं ते परत येणार आहे.

ही योजना मोठी आहे, यात शंका नाही. ती नव्हती तेव्हा केमोचं नाव काढलं की पेशंटला घरी नेत. आज सहा-आठ केमो आणि ऑपरेशन पदरचं फारसं न घालता झालेली माणसं प्रत्येक गावात आहेत. तिची टिंगल करणाऱ्यांनी २०१२ च्या आधीचे दिवस आठवून पाहावेत. पण योजना बिल भरते, आणि घर ज्यानं बसतं त्यातलं बरंचसं बिलात नसतं.

एक साधा हिशोब करू. तोंडाच्या कॅन्सरला रेडिएशन साधारण तेहतीस ते पस्तीस वेळा देतात. आठवड्याला पाच दिवस, म्हणजे सात आठवडे. रेडिएशनला गावाकडं ‘शेक’ म्हणतात, ‘लाईट’ म्हणणारेही आहेत. शेक घ्यायला पाच-दहा मिनिटं लागतात, पण आर्वीकडच्या खेड्यातून येणाऱ्याचा दिवस जातो. एकटा येऊ शकत नाही, सोबत कुणीतरी लागतं. पस्तीस दिवस, दोन माणसं, सत्तर रोज. रोजगार हमीचा २०२५-२६ चा सरकारी दर धरा, ३१२ रुपये. सत्तर रोजांचे २१,८४० रुपये होतात. हे कुणी कुणाला दिलेले नाहीत, त्यामुळं त्यांची पावती नाही, आणि पावती नाही म्हणून ते कुठल्याही सर्व्हेत नीट येत नाहीत. वहीच्या पानावरही येत नाहीत, कारण न मिळालेला पैसा लिहायची आपल्याला सवय नाही. त्यात एसटीचं तिकीट, चहा, पेशंटला गिळता येत नाही म्हणून दूध-केळी-पावडर मिसळा. मार्च २०२३ पासून बाईला एसटीत अर्धं तिकीट झालं, हा मोठाच आधार. सोबतीला आता बायकोच येते, भाऊ येत नाही, यात त्या अर्ध्या तिकिटाचाही वाटा असावा.

सात आठवडे कुठल्या महिन्यात पडतात यावरही बरंच असतं. कपाशीच्या वेचणीत पडले तर वेचायला माणूस नाही, आणि वेचलेला कापूस घरात थांबत नाही. इतर घरं भाव वाढेपर्यंत, निदान सीसीआयचं (कापूस महामंडळाचं) खरेदी केंद्र उघडेपर्यंत थांबतात. पेशंटच्या घरातला कापूस खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर पहिला चढतो, हमीभावाच्या कितीतरी खाली, कारण त्याच्या हातात रोकड असते. पुढच्या वर्षी वावर मक्त्यानं दिलं जातं. बैल विकले जातात. मोठा पोरगा बारावीनंतर नागपूर किंवा पुण्याच्या कंपनीत लागतो आणि ‘सध्या’ लागलेला तो कायमचाच लागतो. बचत गटाचा आणि फायनान्सवाल्याचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला दारात येतो, त्याला शेक चालू आहे की संपला याच्याशी देणंघेणं नसतं. यातलं काहीही आरोग्य खात्याच्या हिशोबात ‘कॅन्सरचा खर्च’ म्हणून लागत नाही.

जे मोजता येतं त्याचे आकडेही हलके नाहीत. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ साली, कॅन्सरसाठी एकदा दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात सुमारे २२ हजार आणि खासगीत सुमारे ९३ हजार रुपये निघाला. एकदा दाखल होण्याचा. कॅन्सरचा पेशंट एकदा दाखल होत नसतो.

बाहेरच्या जगानं या गोष्टीला नाव दिलं ते तसं अलीकडं. अमेरिकेतले कर्करोगतज्ज्ञ युसुफ झफर आणि एमी अॅबरनेथी यांनी २०१३ साली ‘फायनान्शियल टॉक्सिसिटी’ हा शब्द वापरला. केमोनं केस जातात, उलट्या होतात, तसा खर्च हाही उपचाराचा दुष्परिणामच आहे आणि डॉक्टरनं तो इतर दुष्परिणामांसारखा विचारला पाहिजे, असं त्यांचं सांगणं. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यातल्या अभ्यासानं दाखवलं की कॅन्सर झालेल्यांचं दिवाळं निघण्याची शक्यता इतरांपेक्षा अडीच पटींहून जास्त असते. पुढच्या अभ्यासात दिवाळं निघालेल्या रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाणही जास्त निघालं. आपल्याला जवळचा वाटेल असा अभ्यास आग्नेय आशियातला, २०१५ चा. आठ देशांतले ९,५१३ रुग्ण, वर्षभर पाठपुरावा. वर्षाच्या शेवटी २९ टक्के गेलेले होते. ४८ टक्के जिवंत होते, पण घराच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या तीस टक्क्यांहून जास्त पैसा आजारात गेलेला होता. जगले आणि घरही सावरलेलं राहिलं, असे २३ टक्के. शंभरातले तेवीस.

औषधांच्या किमतीची लढाई भारतानं मात्र जगाच्या पुढं राहून लढली, आणि याचं श्रेय आपण स्वतःला पुरेसं देत नाही. यकृत आणि किडनीच्या कॅन्सरवरचं सोराफेनिब हे औषध बायर कंपनी महिन्याला सुमारे २ लाख ८० हजारांना विकत होती. मार्च २०१२ मध्ये देशातला पहिला सक्तीचा परवाना देऊन ते नाटको कंपनीला महिन्याला सुमारे ८,८०० रुपयांत विकू दिलं गेलं. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नोव्हार्टिसचा ग्लिव्हेकवरचा पेटंटचा दावा फेटाळला आणि रक्ताच्या कॅन्सरचं एक जेनेरिक औषध गरिबाच्या आवाक्यात राहिलं. २०१९ मध्ये ४२ कॅन्सरविरोधी औषधांवरच्या व्यापारी नफ्याला तीस टक्क्यांची मर्यादा आली. सेवाग्राममध्ये डॉ. एस. पी. कलंत्री यांनी स्वस्त जेनेरिक औषधांचा आग्रह धरला तो कॅन्सरपुरता नव्हता, पण चिठ्ठीवरचं औषध आणि मेडिकलवाल्याचं औषध यांत पैशाचा किती फरक असू शकतो हे त्यामुळं या भागातल्या लोकांना आकड्यांत कळलं. नव्या इम्युनोथेरपीच्या किमती मात्र पाच लाखांच्या मर्यादेलाही जुमानत नाहीत, आणि ‘हे औषध आहे, पण तुमच्यासाठी नाही’ हे वाक्य ऐकून घरी जाणं हा एक वेगळाच अनुभव आहे. त्यावर स्वतंत्र लिहिता येईल.

आता मनाकडं. खरं तर आपण मनाबाहेर गेलोच नव्हतो.

कॅन्सरच्या रुग्णाला मरणाची भीती वाटते, हे सगळ्यांना माहीत आहे. कमी बोललं जातं ते हे की रुग्णाला आपण ‘खर्च’ झालो आहोत असं वाटतं. घरात जिला आजवर कुणी विचारलं नाही अशी बाई अचानक घरातली सगळ्यात महागडी गोष्ट होते. ती दुधाचा पेला अर्धा ठेवते, नातवाला देते. पेटस्कॅन सांगितलं की “राहू द्या ना, आता बरं वाटते मले” म्हणते. डॉक्टरला ते खरं वाटतं, मुलाला ते सोयीचं वाटतं. चौथ्या केमोनंतर ती येत नाही. रजिस्टरवर नोंद होते की रुग्ण आला नाही. तिनं मनात केलेली वजाबाकी त्या रकान्यात येत नाही. उपचार अर्धवट सोडणं याला आपण अज्ञान म्हणतो. मला त्यात बरेचदा फार बारकाईनं केलेला हिशोब दिसतो. तो चुकीचा असतो, पण निष्काळजीपणाचा नसतो.

तोंडाच्या कॅन्सरच्या पुरुषाचं आणखी एक आहे, आणि आपल्या भागासाठी ते फार महत्त्वाचं आहे. तो स्वतःला दोषी धरतो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून होणारा खर्रा. दिवसाला चार-पाच पुड्या, वीस वर्षं. वॉर्डात लावलेल्या पोस्टरवर सडलेल्या जबड्याचा फोटो आणि खाली ‘हे तुम्ही टाळू शकला असता’ अशा अर्थाचं काहीतरी. तंबाखूविरोधी प्रचार हवाच, पण ज्याचा जबडा काढून झाला आहे त्याच्या खाटेसमोर त्याचा काय उपयोग, हे मला आजवर कळलेलं नाही. नातेवाईक बोलून दाखवतात, न बोलणारे नजरेनं दाखवतात. असा माणूस पैसे मागत नाही. स्वतःवर खर्च करवून घेण्याचा हक्क आपण गमावला, असं त्याला मनापासून वाटत असतं. भाकरी चावता येत नाही, लाळ गळते, रुमाल तोंडावरून हलत नाही, पंगतीत बसणं बंद होतं. कमावता हात तोच आणि आता घरातला सगळ्यात मोठा खर्चही तोच. बाकावरचा तो माणूस आजाराबद्दल का बोलला नाही, याचा अर्थ मला पुष्कळ नंतर लागला.

त्यात आपली ती जुनी पद्धत: ‘त्याले सांगू नका.’ घरच्यांना कॅन्सर ठाऊक, पेशंटला ‘गाठ’ ठाऊक. उलट पेशंटला खर्च ठाऊक नसतो असं घरच्यांना वाटतं, आणि तो बाजेवर पडल्या पडल्या गोठ्यातला कमी झालेला आवाज मोजत असतो. एका घरात दोन गुपितं, आणि दोन्ही सगळ्यांना माहीत.

मनोकर्करोगशास्त्र ही शाखा अमेरिकेत जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी उभी केली. त्या विचारातून पुढं आलेलं एक साधं साधन आज जगभर वापरतात, त्याला त्रासाचा थर्मामीटर म्हणता येईल. शून्य ते दहा, गेल्या आठवड्यात किती त्रास होता त्यावर खूण करायची. चार किंवा वर असेल तर नीट चौकशी करायची. मला यातली आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. त्या कागदावर खाली अडचणींची यादी असते, आणि तिच्यात भीती, उदासी, झोप यांच्याच शेजारी पैसा, प्रवास, राहण्याची सोय, काम हेही असतं. एकाच कागदावर. आपल्याकडं हे दोन टेबलांवर वाटून दिलेलं आहे. आरोग्यमित्राकडं कार्ड, मंजुरी, पॅकेज. समुपदेशक असलाच तर त्याच्याकडं भीती आणि उदासी. आरोग्यमित्राला रडणारं माणूस हाताळायचं शिक्षण नाही, आणि समुपदेशकाच्या हातात पैशाचा एकही कागद नाही. रुग्ण दोघांनाही अर्धाच भेटतो.

मघाशी चौदा जिल्ह्यांच्या यादीचा उल्लेख केला. त्या यादीतल्या जिल्ह्यांसाठी सरकारनं शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्याचा प्रेरणा प्रकल्पही आणला, आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन ताणाची चौकशी करतात. म्हणजे या जिल्ह्यात मन आणि कर्ज यांचा संबंध सरकारला मान्य आहे. पण आत्महत्या झाल्यावर घराला एक लाखाची मदत मिळते ती नापिकी, बँकेचं किंवा मान्यताप्राप्त सावकाराचं थकलेलं कर्ज आणि वसुलीचा तगादा या कारणांवर. पंचनाम्यात कारण ‘आजार’ आलं की प्रकरण अपात्र. आजारापायीच कर्ज झालं, ते नात्यात आणि खासगीत झालं, म्हणून कागदावर नाही, हे सांगायला जागाच नाही. विदर्भात अपात्र ठरलेल्या प्रकरणांच्या ढिगात ‘दुर्धर आजारामुळे’ हे शब्द नेहमीचे आहेत. निकष २००६ चे आहेत. कार्ड देताना शेतकऱ्याचा आजार आणि त्याची शेती एकत्र धरली. तो गेल्यावर मात्र सरकारनं दोन्ही वेगळी केली. ही विसंगती दुरुस्त करायला नवा पैसाही फारसा लागणार नाही, शासन निर्णयातल्या दोन ओळी लागतील.

सेवाग्रामपाशी या प्रश्नाचं एक जुनं उत्तर पडलेलं आहे, त्याकडं परत बघावं असं मला वाटतं. ऐंशीच्या दशकाच्या आगेमागे डॉ. उल्हास जाजू आणि सहकाऱ्यांनी आसपासच्या खेड्यांत आरोग्य विमा चालवला, आणि त्याचा हप्ता ज्वारीत घेतला. सुगीच्या वेळी, घरात ज्वारी असताना, प्रत्येक घरानं आपल्या ऐपतीप्रमाणं द्यायची. ज्याला जमीन जास्त त्यानं जास्त. एकट्यादुकट्याला विमा नाही, गाव मोठ्या संख्येनं उतरलं तरच. अचानक आलेल्या आजारासाठी दाखल व्हावं लागलं तर उपचार मोफत, आधीपासून माहीत असलेल्या मोतीबिंदू-हर्नियासारख्या गोष्टींना खर्चातला काही वाटा. कॅन्सरचा आजचा खर्च ज्वारीच्या कणगीतून निघणार नाही, हे उघड आहे. पण त्या योजनेत एक शहाणपण होतं. पैशाचं बोलणं आजाराच्या आधी, धडधाकट असताना आणि गावासमोर उरकलेलं असे. दाखल होणारा माणूस कुणाचा मिंधा नसे, त्यानं ज्वारी दिलेली असे. आजच्या पाच लाखांच्या कार्डात रक्कम कितीतरी मोठी आहे, पण रुग्णाला ते कुणाच्या तरी उपकारासारखं वाटतं. 

मुंबईला जावं लागणाऱ्यांची गोष्ट वेगळी आणि जुनी. परळचं टाटा रुग्णालय १९४१ चं. विदर्भ एक्स्प्रेसनं उतरून फुटपाथवर राहिलेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा नसती तर आणखी किती असती कोण जाणे. शेंडगावच्या आपल्याच माणसाच्या नावानं चालणारी ती वास्तू, पेशंटच्या नातेवाइकाला पाठ टेकायला जागा पाहिजे, एवढं ओळखून उभी आहे. उपचाराच्या गावी राहण्याची सोय हा कॅन्सरच्या खर्चाचाच भाग आहे, हे तिथं एकाही अभ्यासाआधी कळलेलं होतं. सात आठवड्यांचा शेक घेणाऱ्या आर्वी-आष्टीच्या पेशंटला वर्ध्यातच राहता आलं, तर वरच्या हिशोबातल्या सत्तर रोजांपैकी किती वाचतील, ते ज्यानं त्यानं मोजावं.

करायचं काय, याची लांबलचक यादी मी देणार नाही. मला एकच गोष्ट आधी झालेली बघायची आहे: तुकड्याचा रिपोर्ट हातात देताना त्याच टेबलावर, त्याच माणसानं, घरातलं कमावतं कोण, शेती कुणाच्या नावावर, कुणाचं किती देणं, येणार कसे, राहणार कुठं, हे विचारावं आणि पुढचे सहा महिने कसे जातील याचा अंदाजे आकडा सांगावा. खोटा धीर देण्यापेक्षा खरा आकडा सांगितला तर माणूस त्या रात्री झोपतो, असा माझा अनुभव आहे. आकडा मोठा असला तरी.

तोवर ज्यांच्या घरी आत्ता पिशवी आहे त्यांच्यासाठी पाच गोष्टी. पैसे भरायच्या आधी आरोग्यमित्राला भेटा; योजनेचा टोल फ्री क्रमांक १५५३८८ आहे. रेशन कार्ड ऑनलाइन आहे का आणि त्यात पेशंटचं नाव आहे का, हे आजच बघा, कारण लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव बरेचदा माहेरच्याच कार्डावर असतं. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात, त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. रात्री झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, पेशंटला किंवा पेशंटच्या बायकोला, तर १४४१६ वर टेलि-मानसला फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि उपचारासाठी रेल्वेनं जायचं असेल तर कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं तिकीट शंभर टक्के माफ आहे, सोबत्याला पंचाहत्तर टक्के. त्याला रुग्णालयाच्या शिक्क्याचं प्रमाणपत्र लागतं. ते पहिल्याच दिवशी मागून घ्या.